साचा मुद्दाम बिघडवला

ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात राहून सॅम्पलरवर, म्हणजे आवाज भरून हवे तसे कापून वाजवणाऱ्या यंत्रावर, हा खडखडाट कशाला करता, असे तुम्ही भेटाल तेव्हा विचारता. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हे परदेशी खूळ आहे, हा आरोप मला अर्धा मान्य आहे. यंत्रांच्या गोंगाटातून रचलेल्या अशा संगीताचे 'इंडस्ट्रियल' हे नाव 'थ्रॉबिंग ग्रिसल' या इंग्रज चमूने १९७६ मध्ये काढलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'वरून रूढ झाले, आणि मीही ते कॅसेटींवरूनच शिकलो. मात्र बाबा इथल्याच एका गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर (मुकादम) होते आणि त्यांचे कान तिथेच अधू झाले, हे काही मी आयात केलेले नाही. पूर्वी मी कार्यक्रमाच्या पत्रकांवर 'कामगारांना मानवंदना' असे छापत असे. ते आता वाचवत नाही, कारण कोणत्याही कामगाराने ती मागितली नव्हती.

माझी सामग्री म्हणजे एक जुना सॅम्पलर, एक मिक्सर आणि एक रेकॉर्डर. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. माझ्या यंत्रात जागा बरी आहे, तरी मी सॅम्पलिंगचा दर मुद्दाम १६ किलोहर्ट्‌झवर आणतो. मग आठ किलोहर्ट्‌झच्या वरचे सारे तीक्ष्ण आवाज गळून पडतात आणि लोखंड ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखे वाजते.

बुऱ्हाणपूरच्या एका यंत्रमागाचा आवाज मी असाच भरून आणला आणि चौथा ठोका किंचित अलीकडे कापून त्याचे आवर्तन केले. बाबांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांचा तळहात स्पीकरवर ठेवून ते लावले. कौतुकाची अपेक्षा होती, हे कबूल करतो. दोन-तीन आवर्तनांतच ते घाईने म्हणाले, "बंद कर, बंद कर! धोटा पेटीत बसत नाहीये, ताणा तुटेल." धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, आणि ताणा म्हणजे उभे धागे. मी ओरडून सांगितले की ते मुद्दाम केले आहे. "मुद्दाम?" एवढेच त्यांनी विचारले. मला राग आला. लय मोडण्याचा हक्क, यंत्राचा एकसुरीपणा, असे बरेच मी ओरडून बोललो, आणि त्यातले त्यांना किती ऐकू गेले कोण जाणे. ते मात्र टेबलावर बोटाने धोट्याची बरोबर चाल वाजवून दाखवत राहिले, जणू एखाद्या नवख्या साचेवाल्याला समजावत असावेत.

त्या रात्री मी तो तुकडा त्यांच्या बोटाप्रमाणे पुन्हा कापला. तो बिनचूक झाला आणि अगदी निर्जीव वाटला. की तसे वाटावे, अशीच माझी इच्छा होती?

पुढच्या कार्यक्रमात मी लंगडाच वाजवला. दुरुस्त केलेला वाजवला, असे बाबांना सांगितले.