रविवारी कोण जिंकणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यूएफसीची, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीची, फाइट नाइट जवळ आली की चार-दोन दिवस आधीपासून फोनवर एकच प्रश्न सुरू होतो: "रविवारी कोण?" अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. घरात पोहे होईपर्यंत मुख्य लढती रंगात आलेल्या असतात आणि विचारणाऱ्याला त्याआधी एक नाव हवं असतं. नाव मी देतो, पण त्याला शेपूट जोडतो, आणि शेपूट ऐकायला कोणी थांबत नाही. "अमुक जिंकेल" एवढंच म्हणायला काय लागतं? दोघांपैकी एक जिंकणारच. "अमुक जिंकेल, पण पहिल्या दोन फेऱ्यांत खाली नेलं तरच" असं म्हटलं की पुढे टीव्हीसमोर बसून काहीतरी तपासता येतं. माझा सगळा खटाटोप त्या 'तरच'साठी असतो. (पैसे लावायला विचारत असाल तर मला काहीच कळत नाही, असं समजा.)

विचारणाऱ्यांत आमच्या सांगलीकडचे कुस्तीवाले बरेच. मैदानं बघत वाढलेली माणसं, त्यांची नजर तयार. पट (पाय धरून पाडायचा डाव) कधी निघणार हे त्यांना माझ्याआधी कळतं. पण तीच नजर पुढे आड येते. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. इथे पाठ टेकून माणूस पाच-पाच मिनिटं पडलेला असतो आणि काका मला विचारतात, "अरे, हा हरला ना? मग थांबवत का नाहीत?"

त्यांना मी दर वेळी एकच लढत लावून दाखवतो. 7 ऑगस्ट 2010, ओकलंड. मिडलवेट या वजनगटाचा चॅम्पियन अँडरसन सिल्वा आणि समोर चेल सॉनन, हाडाचा कुस्तीगीर. आधीचे कित्येक महिने सॉनन तोंडाचा पट्टा चालवत होता, आणि नवल म्हणजे बोलला तसं त्यानं करून दाखवलं. फेरीमागून फेरी सिल्वाला खाली ठेवलं आणि वरून ठोसे घातले. 2006 पासून यूएफसीत एकदाही न हरलेला माणूस जवळजवळ सगळा वेळ पाठीवर. तिन्ही जजच्या कागदावर सॉनन पुढे. पाचव्या फेरीत दोनेक मिनिटं उरलेली असताना सॉननचा एक हात सिल्वाच्या पायांच्या आत राहिला आणि दुसरा बाहेर. बस्स. सिल्वानं एक पाय मानेवर टाकला, त्याचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीत अडकवला आणि आत सापडलेला हात ताणला. पाचव्या फेरीच्या 3 मिनिटं 10 सेकंदांना सॉननला थाप मारून हार मानावी लागली. आमच्या मैदानात पंचांनी ही कुस्ती पहिल्याच फेरीत सोडवून सॉननला फेटा बांधला असता.

ही लढत मनात ठेवूनच मी कार्ड, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींची यादी, बघायला बसतो. कोण भारी, हे मी आधी बघतच नाही. जो कमी पडणार असं दिसतंय, त्याच्याकडे जिंकायची एखादी तरी वाट आहे का आणि ती किती मिनिटं उघडी राहील, हे बघतो. साधी लढत तीन फेऱ्यांची, म्हणजे 15 मिनिटं. मुख्य लढत आणि बेल्टची (विजेतेपदाची) लढत पाच फेऱ्यांची, म्हणजे 25. सिल्वा-सॉनन तीन फेऱ्यांची असती, तर सॉनन गुणांवर जिंकून घरी गेला असता. त्यामुळे तेच दोघे जण, पण कार्डावर कुठे आहेत यावर माझं उत्तर बदलू शकतं. याचा काहींना राग येतो.

तरीही दोघांबद्दल फारसं काही ठाऊक नसेल, तर माझा कल कुस्तीवाल्याकडेच. लढत उभ्यानं व्हायची की जमिनीवर, हे तो ठरवतो. रशियाचा कुस्तीवाला खबीब नुर्मागोमेदोव 29 लढती खेळला आणि 29 जिंकून निवृत्त झाला. त्याला काय करायचंय हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त अडवता येत नव्हतं. पण कुस्तीवाल्याच्या बाजूनं बोलायच्या आधी मी एक गोष्ट नक्की बघतो: पट काढायला घुसताना तो मान कुठे ठेवतो. आखाड्यात गळा आवळून दम कोंडायला बंदी, त्यामुळे मान वाचवायची सवय अंगात नसते. आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीतूनच आलेला. 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, आणि चीनच्या साँग यादोंगनं त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकमध्ये (समोरून मान हाताच्या कवेत आवळून दम कोंडणारा डाव) घेतलं. साँग पुढे केवढा मोठा झाला ते बघता, आपल्या गड्याला पदार्पणालाच केवढं अवघड माप मिळालं होतं, हे आता कळतं.

दुसरी गोष्ट वजनाची. लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी खरं वजन होतं. संध्याकाळी दंड फुगवून दाखवतात तो नुसता देखावा. लाइटवेट म्हणजे 155 पौंड, साधारण 70 किलो. बेल्ट पणाला नसेल तर एक पौंडाची सूट. हा आकडा गाठायला बहुतेक जण शेवटच्या दिवसांत अंगातलं पाणी काढतात. सकाळचा तो व्हिडिओ जरूर बघा. दोघे जण समोर टॉवेल धरून उभे राहतात, मागे फायटर अंगावरचं सगळं उतरवून काट्यावर चढतो. मी दंडांकडे बघतच नाही. ओठ फुटलेत का, गाल बसलेत का, काट्याच्या पायरीवर चढताना पाय उचलावा लागतोय का, आकडा ऐकल्यावर डोळ्यांत काही हललं का. वजन चुकलं तर मानधनातला काही टक्के वाटा प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो, म्हणून जीव काढून वजन गाठणारे असतात. त्यांच्यात तिसऱ्या फेरीत दम उरत नाही, असा माझा तरी पक्का ग्रह आहे.

जजवर मी फार वेळ घालवत नाही, एक उदाहरण पुरे. 8 जून 2024, लुइव्हिल. मुझफ्फरनगरची पूजा तोमर विरुद्ध ब्राझीलची रायाने डोस सांतोस. तीन जजनी दिलेले गुण पूजाच्या बाजूनं मांडले तर असे: 30-27, 27-30, 29-28. एकाला तिन्ही फेऱ्या पूजाच्या वाटल्या, दुसऱ्याला तिन्ही तिच्या विरुद्ध. यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून आपण सगळे नाचलो, मीही नाचलो. पण लढत गुणांवर जाईल असं वाटलं की तेव्हापासून मी "जाईल" एवढंच सांगतो, कोणाच्या बाजूनं ते नाही.

आणि मग येतो खरा अवघड प्रश्न: "आपला जिंकेल का?" उत्तराखंडच्या अंशुल जुबलीच्या वेळी हे सगळ्यांनी विचारलं. फेब्रुवारी 2025, सिडनी, समोर क्विलन साल्किल्ड. मी उंची, हातांची लांबी, खाली नेण्याची ताकद, सगळं सांगून झालो होतो. लढत 19 सेकंद चालली. अंशुलला ठोसा बसला आणि संपलं. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज 8 किंवा 10 औंसांचे, इथले साधारण 4 औंसांचे. मध्ये गादीच नाही म्हटलं तरी चालेल. ऑगस्ट 2022 मध्ये सॉल्ट लेक सिटीला तर लिऑन एडवर्ड्स चॅम्पियन कमारू उस्मानसमोर गुणांवर मागे होता, शेवटचं मिनिट सुरू झालेलं, कॉमेंट्रीवाले त्याची हार धरूनच बोलत होते. त्यानं डाव्या हाताचा ठोसा दाखवला, उस्माननं डोकं बाजूला घेतलं, आणि नेमकी तिथेच लिऑनची डावी लाथ आली. पाचव्या फेरीची 4 मिनिटं 4 सेकंद. त्या लढतीतही लिऑनची वाट उघडीच होती, 56 सेकंद का होईना.

तर या रविवारचं. सोमवारी-मंगळवारी विचारू नका. तेव्हा निम्म्या लढती अजून बदलायच्या असतात, कोणाचा गुडघा जातो, कोणाच्या जागी दुसराच येतो. शनिवारी सकाळी विचारा. आपल्याकडे शुक्रवारी रात्री वजनं झालेली असतात, मी ती बघितलेली असतात. खालच्या लढतींत कुस्तीवाला असेल तर बहुधा त्याचंच नाव सांगेन, मान सांभाळत असेल तर. मुख्य लढतीला चौथ्या फेरीत कोणाचा दम टिकेल ते सांगेन. हेवीवेटचं मात्र विचारूच नका. तिथे 120 किलोपर्यंतची माणसं त्याच चार औंसांच्या ग्लोव्ह्जनी मारतात.