आमची वाटचाल: मॉडेल पट्टी ओळखत होतं, पदार्थ नाही

वनस्पतींच्या अर्कातली पॉलिफेनॉल नावाची संयुगं ओळखणाऱ्या सेन्सरपट्ट्या आम्ही बनवतो. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर नॅनोट्यूबचा थर, त्यावर अर्काचा थेंब, मग डीपीव्ही स्कॅन, म्हणजे व्होल्टेज ठोक्याठोक्याने वाढवत प्रवाह मोजणं. वक्रावर प्रत्येक संयुगाचं शिखर उमटतं. मिश्रणात गॅलिक आम्ल, कॅटेचिन, क्वेर्सेटिन यांची शिखरं एकमेकांत मिसळतात, त्यात क जीवनसत्त्वाची भर. म्हणून वक्रावरून संयुगाचं नाव सांगणाऱ्या संगणकी मॉडेलला अख्खा वक्र द्यावा लागतो.

धंदा बुडायला आला तो याच मॉडेलपायी. आमच्या टेबलावर उत्तरं अचूक, ग्राहकाकडे भलतीच. एका नमुन्याची तीन रीडिंग होती. दोन शिकवायला वापरली, तिसरं चाचणीला, म्हणजे चाचणीतला नमुना मॉडेलने आधीच पाहिलेला. शिवाय क्वेर्सेटिनचे सगळे नमुने एकाच बॅचच्या पट्ट्यांवर घेतलेले. मॉडेल बॅच ओळखायला शिकलं होतं.

बॅचेसमध्ये फरक पडण्याचा मूळ दोष नॅनोट्यूबच्या थेंबात होता. पाच मायक्रोलिटर द्राव उघड्यावर वाळला की कडा आधी सुकतात, नॅनोट्यूब तिकडे वाहत जातात. कडेला काळं वलय, मध्ये विरळ. आता पट्ट्या झाकणाखाली, दमट हवेत सावकाश वाळतात. प्रत्येक बॅचमधल्या काही पट्ट्या ५ मिलीमोलर फेरी-फेरोसायनाइड या प्रमाण द्रावावर तपासतो. व्होल्टेज पुढे नेऊन मागे आणलं की जाता-येता एकेक शिखर येतं, त्या दोन शिखरांमधलं आदर्श अंतर ५९ मिलीव्होल्ट. ते ९० च्या वर गेलं तर बॅच बाद. चाचणीला नेहमी न पाहिलेली बॅच.

त्याच काळात एका प्रतिस्पर्ध्याने अचूकतेचा आकडा दाखवून आमच्या ऑर्डरी नेल्या. रीडिंग बॅचनुसार वेगळी केली होती का, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. याचा सल अजून आहे.

या धंद्यात येणाऱ्यांनी बफरचा, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावाचा, पीएच रोज मोजावा. एका अंकाच्या फरकाने या संयुगांची शिखरं साधारण ५९ मिलीव्होल्ट सरकतात. पट्टी पुन्हा वापरू नये, क्वेर्सेटिनचं ऑक्सिडेशन झालं की त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो.

अर्क बनवणारा एक ग्राहक मात्र टिकला. नमुन्यासोबत एचपीएलसीचा, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, कागद पाठवायचा, आणि दर वेळी एक बाटली बिनलेबलची. एकदा तीत नुसतं क जीवनसत्त्व होतं. मॉडेलने ठामपणे गॅलिक आम्ल सांगितलं, कारण त्याला यादीतलंच एक नाव निवडणं भाग होतं. त्या बाटलीनंतर आम्ही यादीत 'ओळख पटली नाही' हे उत्तर घातलं, आणि त्याला शिकवायला यादीबाहेरची संयुगं मुद्दाम मोजली. त्या ग्राहकाची बिनलेबलची बाटली अजून येते.