तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवीत एवढं काय असतं?

गाडीत नवी बाई शेजारी बसली की साधारण धरणगावच्या आसपास हा प्रश्न येतो. मी अमळनेर-जळगाव रोज अप-डाउन करते, जळगावच्या एका डाळमिलमध्ये हिशेब लिहिते. डब्यातल्या बाकीच्या बाया पर्स हुकाला अडकवून मोकळ्या होतात. मी माझी कापडी पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाही. मग शेजारीण आधी पिशवीकडे बघते, मग माझ्याकडे, आणि पाळधी येईपर्यंत काही दम धरवत नाही. "इतलं काय शे वं माय, तुनी पिशवीमा?"

आजवर "डबा शे" म्हणून वेळ मारून नेली. पण मिलमध्ये विचारतात, लग्नात विचारतात, परवा तर बँकेतल्या शिपायाने विचारलं. तेव्हा आज पिशवी उलटी करूनच दाखवते.

वरच्या थरात काही विशेष नाही. रेल्वेचा पास आणि त्याचं ओळखपत्र, घराची किल्ली, दस्ती (तुमच्याकडे रुमाल म्हणत असतील), चष्मा, पाण्याची बाटली, दादरच्या (म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या) भाकरीचा डबा. हे तुमच्याकडेही असेल. खरी पिशवी त्याच्या खाली सुरू होते.

मला सहावीपासून टाइप वन मधुमेह आहे. म्हणजे स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात, त्या माझ्याच शरीराने मारून टाकल्या. गोड खाऊन हे होत नाही. आमच्या गल्लीचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. लहानपणी हिने मांडे फार खाल्ले, असंच तिथे मानतात. रोज चार वेळा इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं, त्याला सुट्टी नाही, दिवाळी नाही, आखाजी (अक्षय्य तृतीया) नाही. आजी आम्हाला राक्षसाची गोष्ट सांगायची. राक्षस कितीही दांडगा असला तरी त्याचा जीव कुठल्या तरी पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. माझा पोपट तीन मिलीलीटरच्या काचेच्या नळीत आहे. आणि हा पोपट तसा नवाच. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी या दुखण्याच्या पोरांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, आणि तेवढ्याने दिवस लांबायचे, इतकंच.

आता पिशवीकडे. तुम्हाला वाटेल, बाई मोठी नीटनेटकी, सगळी तयारी करून निघते. तसं काही नाही. या पिशवीतली एकही वस्तू शहाणपणाने आलेली नाही, एकेका फजितीनंतर एकेक आत आली.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे हा निळा बटवा. दिसायला साधा, हाताला ओलसर. नोकरी लागली त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी कोणी बातमी म्हणून सांगत नाही. तेव्हा मीसुद्धा पिशवी खिडकीच्या हुकाला अडकवायची, उन्हाच्या बाजूला. आठवडाभराने साखर तीनशेच्या वर जायला लागली. खाणं तेच, डोस तोच. मी स्वतःवरच संशय घेतला, भात बंद केला, घरच्यांनी माझ्यावर संशय घेतला, नवऱ्याने मिलमधल्या वाढदिवसांची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, इन्शुलिन ठेवता कुठे? ते उन्हाने नासलं होतं. दूध नासलं तर कळतं, हे कळत नाही. नितळच्या नितळ दिसतं, फक्त काम करत नाही. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, वापरातलं साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण बाहेर म्हणजे तीस अंशांच्या आत. तीस अंश! आमच्याकडे मे महिन्यात पहाटे चारलासुद्धा तेवढं असतं.

गंमत म्हणजे यावरचं उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी ते विसरले होते. माहेरी फ्रीज नव्हता. आईने मोठ्या मडक्यात वाळू भरली होती, वाळूत संक्रांतीचं सुगड खोचलं होतं, आणि सुगडात पिशवीत गुंडाळून इन्शुलिनची बाटली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि वर ओलं फडकं टाकायचं. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे. पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. माझी मुंबईची मावसबहीण म्हणते, तिच्याकडे माठ असा गार होतच नाही. कसा होईल, तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही. आपला कोरडा झोटा अंग भाजतो, पण माठ मात्र छान गार करतो.

हा निळा बटवा म्हणजे तेच सुगड, कापडात शिवलेलं. आत पाणी पिऊन फुगणारे दाणे असतात. सकाळी दहा मिनिटं पाण्यात बुडवायचा, पुसायचा, आत इन्शुलिनचं पेन, म्हणजे ती नळी बसवलेलं पेनासारखं टोचायचं साधन, सरकवायचं. दोन दिवस तरी चालतो. पिशवी ओली होऊ नये म्हणून पहिल्यांदा मी तो प्लास्टिकच्या थैलीत घालून नेला होता. हवाच लागली नाही, मग कसला गार होतो! म्हणून माझी पिशवी कापडाची, तीही विरळ विणीची, आणि म्हणून ती मांडीवर. वरच्या फळीवर पत्रा तापलेला असतो आणि हुकाला ऊन. यात दागिने नाहीत हे आता पटलं असेल.

उलट्या बाजूची फजितीही झाली आहे. एका लग्नात, कुठल्या गावच्या ते सांगत नाही, घरच्या बाईंनी मोठ्या मायेने माझं पेन फ्रीजमध्ये ठेवलं. ठेवलं ते बर्फाच्या कप्प्यात, "चांगलं गारगार राहू दे" म्हणून. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. हळदीच्या रात्री तीन मेडिकल दुकानं उठवली.

त्याच रात्री ही दुसरी वस्तू आली: लाल टोपणाची सिरिंज. तिच्याशेजारी नारिंगी टोपणाचीही एक आहे. दोन्ही सारख्याच दिसतात, आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा चाळीसच्या ताकदीचं मिळतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट. पेनातलं शंभरचं. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला नारिंगी. त्या रात्री दुकानात बाटली चाळीसची मिळाली आणि पिशवीत सिरिंज होती नारिंगी. वीसच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर अंगात गेले असते फक्त आठ युनिट. हे उलटं झालं, शंभरचं इन्शुलिन लाल सिरिंजने घेतलं, तर अडीचपट जातं, आणि मग पुढची पंगत दवाखान्यात. मी हिशेबनीस आहे म्हणून गुणाकार तिथल्या तिथे झाला. तुमच्या घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर एकदा उठून बाटली आणि टोपण ताडून बघा. लेख कुठे पळून जात नाही.

साखर मोजायचं मीटर, पट्ट्या आणि वापरलेल्या सुया टाकायला गोळ्यांची जाड प्लास्टिकची बरणी, याबद्दल फार बोलत नाही. मीटर मात्र खास खान्देशी स्वभावाचं आहे. भर उन्हाळ्यात कधी कधी "फार गरम होतंय" अशी खूण दाखवतं आणि काम थांबवतं. आम्हाला ती सोय नाही.

ही काळी डबी ओळखली का? राखाडी झाकणाची. कॅमेऱ्याचे रोल असायचे त्या काळातली, दिराच्या फोटो स्टुडिओतून आलेली. हिच्यात साखर आहे. मधुमेहाच्या बाईच्या पिशवीत साखर बघून लोकांना हसू येतं. इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं की साखर खाली घसरते. सत्तरच्या खाली गेली की लगेच पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. आधी मी चॉकलेट ठेवायची. मे महिन्यात ते वितळून हिशेबाच्या वहीला लागलं, आणि त्यातल्या तुपकटपणामुळे साखर अंगाला लागायलाही वेळ लागतो. मग कागदाच्या पुड्या झाल्या, त्यांना मुंग्या लागल्या. मग ही डबी. जळगाव जिल्ह्यात कोणीही माणूस तुम्हाला अशा वेळी पहिलं काय देईल? केळं. मायेने देतात, मीही घेते, पण साखरेनंतर. केळं चावून पोटात उतरून रक्तापर्यंत जायला त्याचा वेळ घेतं, आणि तेवढा वेळ हाताशी असेलच असं नाही.

साखर उतरली हे ओळखायचं कसं, ते पुस्तकात लिहिलेलं असतं: घाम येतो, हात थरथरतात. पुस्तक लिहिणारा उन्हाळ्यात दुपारच्या पॅसेंजरने गेलेला नसणार. घाम तर अख्ख्या डब्याला आलेला असतो. माझी खूण वेगळी आहे. मी भांडते. एकदा खिडकीच्या जागेवरून एका म्हाताऱ्या आजीबाईंशी इतकी भांडले की त्यांनी घाबरून उठून जागा दिली. साखर खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांनी मी त्यांचे पाय धरले. आता नेहमीच्या बायांना हे माहीत आहे. मी आवाज चढवला की कोणीतरी शांतपणे म्हणतं, "डबी काढ बरं आधी." यात एक अडचण आहे. मला खरंच राग आलेला असतो तेव्हाही हेच म्हणतात.

राहिला हा कागद. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, पासाच्या मागे. याची गोष्ट कानबाईची आहे.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जनाला जाते. मिरवणुकीत बाया नाचतात, फुगड्या खेळतात, कोणाकोणाच्या अंगात येतं. मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळचं इन्शुलिन घेतलं होतं आणि गडबडीत खाणं राहून गेलं होतं. निम्म्या वाटेवर माझे पाय लटपटायला लागले, मान डोलायला लागली, डोळे कुठेच लागेनात. बायांनी रिंगण केलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. एकीने आरती ओवाळली, दुसरी हात जोडून विचारते, "कोन शे तू माय? काय जोयजे तुले?" मला ऐकू येत होतं. साखर पाहिजे, हे डोक्यात होतं, पण जिभेवर येईना. मी म्हणे काहीतरी पुटपुटले, तर तीन बाया पाया पडल्या. तेवढ्यात आजी गर्दीतून घुसली. "देवी नई शे ती, साखर उतरनी तिनी!" म्हणत लुगड्याच्या ओट्यातला गुळाचा खडा तिने माझ्या तोंडात कोंबला. दहा मिनिटांत देवी गेली आणि मी ओशाळून रस्त्याच्या कडेला बसले. ज्या बायांनी ओवाळलं त्यांना मी हसत नाही. त्यांनी मला पडू दिलं नव्हतं, दोन्ही दंड धरून ठेवले होते.

पण आजी सगळीकडे बरोबर नसणार. म्हणून हा कागद. त्यावर लिहिलंय: मला मधुमेह आहे. मी भलतंच बोलत असेन, घामाघूम असेन, तर मला साखर द्या. मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या. शेवटचं वाक्य लाल शाईने, कारण आपल्याकडे बेशुद्ध माणसाला पाणी पाजायची फार घाई असते आणि ते श्वासनळीत जातं. मागच्या बाजूला हेच हिंदीत आहे. खाली गुजरातीतही आहे. गाडी सुरतेकडून येते-जाते, तेव्हा एका सहप्रवासी भाईंनी ते लिहून दिलं, सुंदर अक्षरात.

आधी मी ही पिशवी लपवायची, हेही सांगून टाकते. मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मावशीने ती धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवली होती. आईने चहा झाल्यावर उठून ती आणली आणि पाहुण्यांसमोर ठेवली. ते पाहुणे परत आले नाहीत, त्यानंतरचेही नाहीत. तिसऱ्या खेपेला मुलाने पिशवी उघडून एकेक वस्तू कशाची ते विचारलं. आता तोच रोज सकाळी बटवा भिजत घालतो आणि विसरला तर माझी बोलणी खातो.

आता तळाशी हात घातलात तर एक कांदा लागेल. तो माझा नाही. आखाजी झाली की सासूबाई रोज सकाळी माझ्या नकळत तो पिशवीत टाकतात, उन्हाचा झोटा लागू नये म्हणून. कांद्याने इन्शुलिन गार राहत नाही हे मी त्यांना दोन-तीनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. बटव्याला, वहीला, पासाला, सगळ्याला कांद्याचा वास येतो. दुपारी डबा उघडला की मिलमधल्या आम्ही चौघी तो बुक्कीने फोडतो आणि भाकरीबरोबर खातो. रिकामा डबा बघून सासूबाई संध्याकाळी विचारतात, "कांदा कुठे गेला?" मी म्हणते, पडला असेल गाडीत. दुसऱ्या दिवशी दोन असतात.