खिशात लायटर सापडल्यावर काय विचारायचं?

"कुणी शिकवलं तुला हे?" मुलाच्या खिशात लायटर सापडला की हाच प्रश्न तोंडून निघतो. उत्तरही ठरलेलं: "माझा नाही, मित्राचा आहे." बोलणं तिथेच संपतं आणि लायटरची जागा तेवढी बदलते.

त्यापेक्षा "सिगारेट केव्हा ओढावीशी वाटते?" असं विचारा. रागाच्या भरात मात्र नको; दुसऱ्या दिवशी, शक्यतो चालता चालता, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. "पेपरच्या आदल्या रात्री", "तुमची भांडणं झाली की" असं काही कानावर येईल. शेवटचं ऐकणं जड जातं, पण खरं काम तिथूनच सुरू होतं. लगेच उपाय सांगू नका. "एवढ्याशा गोष्टीचं कसलं टेन्शन?" हे तर चुकूनही म्हणू नका, ते ऐकलं की मूल पुढचं सांगतच नाही.

सिगारेटने बरं वाटतं, हा त्याचा अनुभव खोटा नसतो. झुरक्यातलं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. पण साधारण 2 तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, सवय लागलेल्याची चिडचिड सुरू होते आणि पुढची सिगारेट तीच चिडचिड शमवते. त्याला वाटतं टेन्शन गेलं. गेलेली असते फक्त तलफ. पेपर उद्या आहेच. वाढत्या वयातला मेंदू या चक्रात लवकर अडकतो, रोज ओढत नसला तरी.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या हाताळा. पेपरची भीती असेल तर उरलेले धडे कागदावर मांडून आज कोणते दोन करायचे ते त्यालाच ठरवू द्या. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घोट घोट पाणी, एक चक्कर, किंवा 4 मोजत श्वास आत आणि 6 मोजत बाहेर. सोडल्यावर पहिले 3 दिवस सर्वांत कठीण, कुरकुर 2 ते 4 आठवडे चालते. या काळातल्या उलट उत्तरांना उद्धटपणा समजून भांडण काढलंत, तर ओढायला नवं कारण मिळतं.

घरात कुणी मोठं माणूस ओढत असेल तर उपदेश फुकट जातो. "मलाही सुटत नाहीये, दोघं मिळून सोडू" हे मोकळेपणी सांगा. निकोटिनचे पॅच किंवा गोळ्या मुलाला आपल्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

महिन्याभराने पुन्हा वास आला, तर पुन्हा तोच प्रश्न: "या वेळी केव्हा ओढावीशी वाटली?"