सकाळी तीन, संध्याकाळी चार

एप्रिलमध्ये जपानमधल्या आमच्या ऑफिसात पगाराची नवी रचना आली. दरमहा हातात येणारी रक्कम वाढलेली पाहून मी हुरळलो. त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका जुन्या सहकाऱ्याने कॅलक्युलेटर माझ्यापुढे सरकवला. इथे पगाराखेरीज उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बोनस मिळतो, आणि तो नेमका तेवढ्यानेच घटला होता. वर्षाची बेरीज जिथल्या तिथे!

"चोऊसान-बोशी," ते पुटपुटले.

म्हणजे 'सकाळी तीन, संध्याकाळी चार'. फक्त चार कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं), पण मागे अख्खी गोष्ट आहे. जपानी मुलं ती शाळेत जुन्या चिनीच्या तासाला वाचतात. चीनमधल्या सोंग राज्यात एक माकडंवाला होता. माकडांवर त्याचा इतका जीव, की घरच्यांच्या ताटातलं काढून तो त्यांना घालायचा. पुढे चणचण भासू लागली. "सकाळी तीन फळं देईन, संध्याकाळी चार," म्हणताच माकडं खवळली. "बरं, सकाळी चार, संध्याकाळी तीन." माकडं खूश! ही फळं म्हणजे ओकची बोंडं असावीत. जपानीत मात्र त्यांना 'तोची', म्हणजे हॉर्स चेस्टनट जातीच्या झाडाची फळं, म्हणतात. ती इतकी कडू, की माणसं राखेच्या पाण्यात मुरवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत.

ही गोष्ट इ.स.पू. 4 थ्या शतकातल्या च्वांग-त्झू या तत्त्वज्ञाच्या नावावरच्या ग्रंथात आहे. घरच्यांच्या ताटाचा तपशील मात्र 'लीए-त्झू' या दुसऱ्या ग्रंथातला.

जेवताना मी हे नवं ज्ञान आमच्या चिनी सहकारी मुलीपुढे पाजळलं. ती बुचकळ्यात पडली. "पण कंपनीने आपला शब्द कुठे फिरवला?" तिच्या भाषेत ही चार अक्षरं आज धरसोड माणसाला लावतात. आज ही, उद्या ती, असं करणाऱ्या प्रियकराला तर हमखास! जपान्यांच्या लक्षात फसलेली माकडं राहिली, चिन्यांच्या लक्षात तीनाचे चार नि चाराचे तीन करणारा तो माणूस. गोष्ट एकच, अक्षरंही तीच.

मला विचाराल तर माकडं तितकीशी बावळट नव्हती. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो, तो काही डिसेंबरच्या बोनसची वाट बघत नाही. सकाळची चार मलाही हवीच आहेत.

फक्त बोनसचं आईला सांगायचं अजून राहिलंय.