बाज आणूया की!

परवा आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटच्या मीटिंगमधे एकानं विम्बल्डनचा व्हिडिओ दाखवला, तिथं टेनिस कोर्टावर बाज सोडून कबुतरं हाकलतात तो, आणि झालं, सगळे म्हणायला लागले आपण पण एक आणूया की ओ!

त्या पक्ष्याचं नाव रूफस, जात हॅरिस हॉक, मूळ अमेरिका खंडातली. २०१२ मधे तो गाडीतनं चोरीला गेला होता आणि काही दिवसांनी परत सापडला, एवढा फेमस गडी. पण लोकांना वाटतं तो कबुतरं मारत सुटतो, तसं नाही, त्याचं काम नुसतं फिरायचं आणि धाक बसवायचा. सकाळी प्रेक्षक यायच्या आधी त्याला सोडतात, आणि सोडायच्या आधी वजन करतात, कारण पोट भरलेलं असलं की तो हाक मारून पण हातावर येत नाही, निवांत छपरावर बसून राहतो. खरी गोम म्हणजे हे सारखं करत राहावं लागतं, बाज यायचा बंद झाला की कबुतरं परत हजर.

आणि आपल्याकडं तो पाळणार कोण? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं इथले शिकारी पक्षी धरायला, पाळायला बंदी आहे. गंमत बघा, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आपल्याच कर्नाटकातला, त्यानं मानसोल्लास नावाच्या ग्रंथात ससाण्यांच्या शिकारीवर लिहून ठेवलंय. ते राजाला परवडत होतं, आमच्या मेंटेनन्समधे बसतंय होय?

मग कमिटीनं प्लास्टिकचा बाज आणून टाकीवर बसवला. थोडे दिवस कबुतरं बिचकली, आता त्याच्या डोक्यावरच बसालेत, पाठ सगळी पांढरी.

खरा शिक्रा, म्हणजे बाजासारखाच छोटा शिकारी पक्षी, मात्र मागच्या नारळावर अधनंमधनं येतो. कबुतराएवढाच असेल, डोळे लालभडक, छातीवर बारीक तांबूस पट्टे. तो आला की खारी आणि साळुंक्या जो दंगा करतात, विचारू नका. पण पावशेर दाणे पुढ्यात असले की कबुतरं त्याला पण भीक घालत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज गच्चीत ज्वारी टाकतात, त्यांना म्हटलं, "काकू, तेवढं बंद करा ओ," तर म्हणाल्या, "मुक्या जीवाचं पोट मारू काय रे?" आता यावर काय बोलणार! मुंबईत २०२५ मधे दादरचा कबुतरखाना झाकला तेव्हा केवढा राडा झाला, इथं तर एकट्या काकूच पुरेशा आहेत. पण कबुतराची जोडी वर्षातनं कितीतरी वेळा दोन-दोन अंडी घालते, आणि त्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत गेली की फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, हे पण त्यांना सांगायलाच पायजे.

तर शेवटी डक्टला जाळी मारायचं ठरलंय. माझं एवढंच म्हणणं, जाळी चारी बाजूंनी ताणून मारा, ढिली सोडली तर कबुतरं आत अडकून मरतात आणि मग काढायला तिथं उतरणार कोण?