रोनाल्डो आला नाही, आम्ही मात्र जाऊन आलो

नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नान उरकून, कारीट फोडून फराळाच्या ताटावर बसलो होतो, तेवढ्यात मिरजेहून भाच्याचा फोन. "मामा, त्यो येत नाही म्हणं."

कोण, ते विचारायची गरज नव्हती. २०२५ च्या १५ ऑगस्टला एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा ड्रॉ निघाला आणि आपला एफसी गोवा व रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र एकाच गटात आले, तेव्हापासून आमच्याकडे "त्यो" म्हणजे एकच माणूस. पोरगं नववीत, खोलीच्या भिंतीवर रोनाल्डोचा सात नंबर. मॅच २२ ऑक्टोबरला, संध्याकाळी सव्वासातला, मडगावजवळ फातोर्ड्याला. दोन तिकिटं मी पहिल्याच झटक्यात काढून ठेवली होती, नेहमीच्या लीग मॅचपेक्षा कितीतरी महाग. तारखेला पाडवा आहे हे नंतर कॅलेंडर बघताना बायकोने दाखवलं. तिला पाडव्याची ओवाळणी आगाऊ देऊ केली. ती म्हणाली, "साडी आगाऊ चालेल, पाडवा आगाऊ होत नसतो." तो विषय अजून मिटलेला नाही.

तर त्यो येत नव्हता. अल नस्रचा बाकीचा संघ गोव्याकडे निघाला आणि त्यात हा नाही. चिडावं कोणावर? खरं तर चूक माझीच होती, आणि पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी हीच गोष्ट आधी बघावी. गटातली पहिली मॅच ताजिकिस्तानच्या इस्तिकलोलशी, अल नस्रच्या घरच्या मैदानावर, ५-०; त्यात रोनाल्डो नव्हता. दुसरी बगदादला, अल झवराशी, २-०, त्यातही नव्हता. आणि १८ तारखेला सौदी लीगमध्ये अल फतेहला ५-१ ने हरवलं, तिथे मात्र खेळला आणि गोलही मारला. म्हणजे हिशोब उघड होता. लीगसाठी पाय राखायचे, या स्पर्धेत बाकीच्यांनी निभवायचं. बाहेरगावच्या मॅच टाळायची मुभा करारातच आहे अशाही बातम्या होत्या. दोन मॅचच्या टीम-याद्या वाचायला पाच मिनिटं लागली असती. मी वाचलं काय, तर पोस्टर.

मला त्याचा राग आला नाही, हे भाच्याला अजून पटत नाही. माणूस १९८५ चा, चाळिशी गाठलेला. मँचेस्टर युनायटेडशी २०२२ च्या नोव्हेंबरात बिनसलं आणि डिसेंबरच्या ३० तारखेला अल नस्रने सही जाहीर केली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणाले, आता हा पेन्शन खायला चालला. पुढच्याच वर्षी बेन्झेमा, कान्टे, नेमार, माने सगळे त्याच वाटेने सौदीला गेले. आणि हा २०२३-२४ च्या लीग हंगामात ३५ गोल मारून बसला, तिथला विक्रम. २०२५ च्या जूनमध्ये करार आणखी दोन वर्षं वाढवला. पुढे २०२६ चा वर्ल्ड कप. अशा माणसाने बुधवारच्या एका मॅचसाठी समुद्र ओलांडायचा की नाही, हे त्याचे गुडघे ठरवणार. राग यायचा तर पोस्टरवर त्याचा फोटो मोठा आणि गोव्याच्या पोरांचे टिकलीएवढे छापणाऱ्यांचा यावा.

मी म्हातारे स्टार याआधीही बघितलेत. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा सांगलीहून आम्ही चौघे बालेवाडीला गेलो होतो, पुण्याकडून खेळणाऱ्या फ्रान्सच्या त्रेझेगेला बघायला. २००० च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल, म्हणजे पडताक्षणी मॅच संपवणारा गोल, मारणारा हाच तो. आम्ही बघितला तेव्हा ३७ चा. गोल काही मारला नाही, पळालाही बेताने. पण गोलसमोरच्या पेटीत उभा राहायचा ना, डिफेंडरच्या खांद्यामागे अर्ध्या पावलावर, तेवढं बघायला दीड तास कमी पडला. त्याच वर्षी गोव्याकडे फ्रान्सचाच पिरेस होता, चाळिशीचाच. फरक एवढाच की ती माणसं इकडच्या लीगसाठी आली होती म्हणून इकडे दिसली. रोनाल्डो सौदी लीगसाठी गेलाय. ज्याला तोच बघायचाय त्याने पैसे साठवून रियाधला, अल अव्वल पार्कवर, लीगची मॅच धरावी.

असो. तिकिटं परत करायची की जायचं? भाचा दुपारभर बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "मामा, माने तरी येतोय. फेलिक्स पण." दोघेही अल नस्रचेच मोठे खेळाडू. ठरलं.

आता प्रवासाचं. सांगली-मिरजेच्या माणसाला मडगाव गाठायला गोवा एक्स्प्रेसइतकी सोयीची गाडी नाही. रात्री मिरजेत बसायचं, पहाटे मडगाव. आम्ही २१ ला लक्ष्मीपूजन उरकून, पणत्या तशाच ठेवून निघालो. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि दिवाळीत ते सकाळीच संपतं, तेव्हा मॅचची तारीख कळली की आधी रेल्वे, मग बाकीचं. गाडीने जाणार असाल तर कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा रस्ता. आंबोली घाट रात्री घेऊ नका. धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात.

बरोबर भडंग. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय जिल्ह्याबाहेर पडत नाही. दोन किलो घेतलं होतं. लोंढा येईपर्यंत डब्यातल्या सहा अनोळखी लोकांनी आमच्याशी दोस्ती केली.

मडगाव स्टेशन ते फातोर्डा तीन-चार किलोमीटर आहे. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत हे पक्कं लक्षात ठेवा. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवायचं, एकटे असाल तर पायलट करायचा, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल. सकाळी बाजारात पातळ भाजी आणि पाव खाल्ला, सोबत मिरची भजं. आपली पावभाजी समजून मागवाल तर फसाल. वाटाण्याची, खोबऱ्याची, हलकी भाजी असते आणि पाव उंडा मागायचा. लॉजवाल्याने मॅचमुळे भाडं दुप्पट सांगितलं. रोनाल्डो येत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "रूम तर तीच आहे ना!" याला उत्तर नव्हतं. तुम्ही आधी फोन करून, पैसे भरून, पावती घेऊन जा.

रस्त्याकडेला नरकासुराचे सांगाडे अजून पडले होते. गोव्यात चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. तिथे दिवाळी तिथूनच सुरू होते. अर्धवट जळलेला एक भलामोठा हात नारळीला टेकून ठेवला होता, पाच बोटं आकाशाकडे. भाच्याने त्याला हाय-फाय दिला. फोनची बातमी कळल्यापासून पहिल्यांदा हसला.

स्टेडियमवर साडेपाचलाच पोहोचलो ते बरं केलं. पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १९८९ चं, साधारण १९ हजार लोकांचं. आत पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, खायचं नाही. उरलेलं अर्धा किलो भडंग गेटवर अडकलं. शिपाई म्हणाला, बाहेर ठेवा. कुठे ठेवू? शेवटी त्याच्याच टेबलावर पुडी सोडली. मॅच संपून बाहेर आलो तेव्हा पुडी रिकामी आणि साहेब खुशीत. फोन पूर्ण चार्ज करून न्या, तिकीट फोनवर असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेटपाशी नेटवर्क मान टाकतं.

रांगेत निम्म्या पोरांच्या पाठीवर पिवळा सात. केरळचे, बंगळूरचे, आमच्यासारखे घाटावरचे. सगळ्यांची तोंडं लग्नात नवरदेव न आलेल्या वऱ्हाडासारखी. गोव्याची नारिंगी जर्सीतली माणसं मात्र मजेत. एक काका शेजारी बसले, कोकणी-मराठीत म्हणाले, "तो नाही आला तर नाही आला. आमचे अकरा आलेत."

सुरुवातीला वाटलं आज किती खाणार. दहाव्या मिनिटाला अल नस्रच्या अँजेलोने पहिला घातला, सत्ताविसाव्याला हारून कामाराने दुसरा. टीव्हीवर जे कळत नाही ते इथे कळलं, पासचा वेग. चेंडू पायाला लागल्याचा आवाज आमच्या खुर्चीपर्यंत येत होता आणि पोचायच्या आधी पुढचा पास सुटलेला. भाचा नुसता कपाळाला हात लावून. आणि मग ४१ व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिस. गोव्याचाच पोरगा. मला गोल धड दिसलाही नाही, कारण समोरचे सगळे उभे राहिले. काकांनी आधी भाच्याला मिठी मारली, मग मला, मग कोणालातरी फोन लावला आणि फोनमध्ये फक्त ओरडले.

दुसऱ्या अर्धात अल नस्रला एकही गोल करू दिला नाही. मध्येच एक पोरगा कठडा ओलांडून थेट फेलिक्सपर्यंत पोहोचला. लोक हसले, पण असले उद्योग करू नका, दंड क्लबला बसतो. शेवटी १-२. हरून माणसं इतकी आनंदात घरी जाताना मी फक्त कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बघितलीत, तीही पेठेची इज्जत राखली म्हणून.

मॅचनंतरची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आम्ही इथेच मार खाल्ला. साडेनऊनंतर बस नाही, रिक्षा नाही, पायलट तर शोधून सापडत नाही. येताना ज्या रिक्षाने आलात त्याचा नंबर घेऊन ठेवा, किंवा लॉजच फातोर्ड्यात चालत जाण्याइतकं जवळ घ्या. आम्ही लॉजपर्यंत पायी गेलो, वाटेत गाड्यावर रस ऑम्लेट खाल्लं. ऑम्लेटवर कोंबडीचा, नारळ घातलेला रस्सा ओततात, कांदा, लिंबू आणि पाव. दोन-दोन प्लेट. तंगडतोडीचं सोनं झालं.

परतीची गोवा एक्स्प्रेस दुपारची. त्याचा फायदा असा की जाताना झोपेत निघून गेलेला दूधसागर येताना उजेडी दिसतो. कुळ्याला मागून ढकलायला जादा, म्हणजे बँकर, इंजिनं लावतात आणि गाडी घाट चढायला लागते. दाराशी गर्दी होते, रेटारेटी करू नका, आणि मोबाइल बाहेर काढून तर अजिबात नको. ऑक्टोबरात पाणी भरपूर असतं; क्षणभर डब्यात तुषार येतात.

मिरजेत उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा होत आले होते आणि भाऊबीज संपायला तासभर बाकी. बहिणीने निरांजन तयारच ठेवलं होतं. मला ओवाळलं, मग लेकाकडे वळून म्हणाली, "दिसला का रे तुझा तो?"

"दिसला की," भाचा म्हणाला. "ब्रायसन. ४१ व्या मिनिटाला."

"हा कोण आता?" म्हणत तिने माझ्याकडे बघितलं. मी ताटात ओवाळणी टाकली.